दारापासून खिडकीपर्यंत चौसष्ट महिने

तीन वर्षं ठेवा, असं तुम्हीच म्हणालात. तोंडी नाही, छापून. लोकरीच्या गिरणीच्या फाटकावर तुमचा कागद चिकटला होता: पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीपत्रकं, वीज-पाण्याच्या पावत्या तीन वर्षं जपून ठेवाव्यात, त्यानंतर त्यांची गरज नाही. खाली गोल शिक्का. सही वाचता येत नव्हती, ती तशीही कधी वाचता येत नाही. आणि आज पंचवीस वर्षांनी तेच तुम्ही, पेन्शन कचेरीतल्या चार नंबरच्या खिडकीच्या काचेआडून बुरुलकान आपाला सांगता, चौऱ्याण्णव ते नव्व्याण्णवचा पुरावा आणा. का, तर तुमच्या तळघरात तुमचा पाइप फुटला आणि गिरणीचं दप्तर भिजून लगदा झालं. पाइप तुमचा, पाणी तुमचं, आणि कागद आणायचे बुरुलकाननं! थोडी लाज शिल्लक असेल तर तिची पावती दाखवा.

बुरुलकानची सून बेरमेत त्या दिवशी सासूबरोबर खिडकीपाशी उभी होती. लग्न होऊन सहा महिने झाले होते. नवरा मेदेर रशियात बांधकामावर, घरात या दोघीच. खिडकीतला पोरगा काही उद्धट नव्हता. उलट फार गोड बोलत होता.

"आपा, तुमच्या कामाच्या पुस्तिकेत चौऱ्याण्णवच्या मार्चपर्यंत सगळं नीट आहे. पुढे गिरणीचं नाव तीनदा बदललं आणि एकाही नव्या नावाचा शिक्का नाही. म्हणजे पुढची पाच वर्षं चार महिने तुम्ही कुठे होतात, ते आम्हाला माहीत नाही."

"गिरणीत होते."

"ते कागदानं सांगावं लागतं, आपा."

"आणि कागद नसला तर?"

पोरानं खांदे उडवले. "तर पेन्शन जवळजवळ निम्मी बसेल."

निम्मी म्हणजे काय, ते बेरमेतला समजावून सांगायची गरज नव्हती. गिरणी बंद पडल्यापासून सासू बाजारात कोपऱ्यावर उभी राहून मोजे विकत होती. पंचवीस हिवाळे. गुडघे असे झाले होते की संध्याकाळी बूट काढताना ती भिंतीला धरायची आणि तोंडातून हूं की चूं काढायची नाही. पूर्ण पेन्शन बसली तर यंदाचा हिवाळा शेवटचा. निम्मी बसली तर कोपरा आहेच, मरेपर्यंत.

घरी परतताना बेरमेत म्हणाली, "आपा, तुमच्याकडे नक्की असेल. तुमच्याकडे काय नसतं?"

हे काही लोणी लावणं नव्हतं. तेरेक-बुलाक गावात बुरुलकानच्या खोक्यांना एक मान होता. कपाटावर बुटांची जुनी पाच खोकी ओळीनं मांडलेली, प्रत्येकावर जांभळ्या अक्षरात मुदत लिहिलेली. 'वीज, पाणी: तीन वर्षं.' 'कोळसा: एक हिवाळा.' 'वस्तू: वस्तू मोडेपर्यंत.' 'घर: मी असेपर्यंत.' आणि शेवटचं, सगळ्यात लहान, 'माणसं: माझ्यानंतरही.' त्यात जन्माचे, मृत्यूचे, लग्नाचे दाखले. घरात आलेला कुठलाही कागद दुसऱ्या दिवसापर्यंत टेबलावर राहत नसे. मुदत ठरली की खोक्यात, मुदत संपली की चुलीत. नोरूझ या वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाआधी सगळे घर झाडतात, अर्चा झुडपाच्या फांदीचा धूर फिरवतात, त्या दिवशी बुरुलकान खोकी उतरवायची आणि मुदत संपलेल्या पावत्यांवर बोरसोकचे पिठाचे गोळे तळायच्या कढईखालचा पहिला जाळ पेटवायची. ना एक दिवस आधी, ना एक दिवस नंतर.

गल्लीतल्या बायका विचारायला यायच्या. "बुरुल एजे, मीटरवाल्याची पावती टाकू का?" ती उलट विचारायची, "मीटरवाल्याशी भांडलीस का?" "हो, जरा झालं होतं." "मग भांडण मिटल्या दिवसापासून तीन वर्षं. न भांडता भरलेल्या बिलाचं वय वेगळं, भांडून भरलेल्याचं वेगळं." एका बाईनं नवऱ्याच्या मागे दहा वर्षांच्या पावत्यांची पोती ठेवली होती, कशाला हात लावायचं धाडस होत नव्हतं. बुरुलकान तिच्याकडे जाऊन बसली, दिवसभर एकेक कागद हातात घेऊन म्हणाली, "हा तुला काही सांगतो का? नाही ना? मग जाऊ दे त्याला." संध्याकाळी पोत्यांचं एक पाकीट झालं होतं आणि ती बाई कितीतरी महिन्यांनी झोपली म्हणतात. घरात आल्या आल्या बेरमेतला या खोक्यांचं हसू यायचं. आता येत नव्हतं.

पण त्या दिवशी खोकी उतरली, उघडली, बंद झाली. बुरुलकाननं फार शोधलंही नाही.

"नाही," ती म्हणाली. "तीन वर्षं सांगितली होती. मी तीन वर्षं ठेवली."

"मग जाळली?"

सासूनं चहाचा वाटीसारखा कासा उचलला, पाहिलं की रिकामा आहे, आणि तसाच तोंडाला लावला.

तेवढ्यात कालिपा आली. कालिपा म्हणजे त्याच पाळीवरची कताईवाली, दोन घरं सोडून राहणारी, दार न वाजवता येणारी आणि न विचारता बोलणारी.

"मलाही तेच म्हणाले!" बूट काढायच्या आतच तिनं सुरू केलं. "'आजी, तुम्ही त्या वर्षांत होतात कुठे?' म्हटलं, चंद्रावर होते रे बाळा, लोकर कातत होते. अगं पोरी, चहा ओत, आणि अर्धाच ओत, भरलेला कप म्हणजे 'आता निघा', भरून दिलास तर मी उठून जाईन, उठून जायला आले नाहीये मी. बुरुल, हजेरी काढ."

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? चौसष्ट पानं होती! मीच तर खळ ढवळली होती. माझा हात भाजला होता त्या पातेल्याला, बघ, डाग आहे अजून."

"कालिपा, चहा घे."

"घेते. पण पत्रकं तर तू भिंतीला..."

"कालिपा!"

बेरमेतनं चहादाणी खाली ठेवली. सासूचा आवाज इतका चढलेला तिनं कधी ऐकला नव्हता.

"कुठल्या भिंतीला?" तिनं विचारलं.

कालिपानं हनुवटीनं आतल्या खोलीकडे दाखवलं. बेरमेतच्या खोलीकडे.

गोष्ट अशी होती. गिरणीत बुरुलकान हजेरी कारकून होती. एका पाळीच्या बावीस बायका, दर महिन्याला एक मोठं जाड पान, रोजच्या रोज खुणा. गिरणी बंद झाली तेव्हा दप्तरवाल्यांनी पक्की प्रत नेली, हीच ती पुढे तळघरात भिजलेली. कच्ची प्रत बुरुलकानकडे राहिली. तिनं ती तीन वर्षं ठेवली, दिवस मोजून. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात मुदत संपली. उन्हाळ्यात चूल थंड असते. आणि त्याच आठवड्यात आतल्या खोलीला वॉलपेपर लावायचा होता, त्याच्याखाली कागदाचं अस्तर लागतं. लोक वर्तमानपत्रं लावतात, पण वर्तमानपत्रं सगळी बाजारात सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्यांना गेलेली. पत्रकांचा कागद मात्र जाड, जुन्या काळातला. लावून टाकला. ही चूक आमच्याकडेच होऊ शकते, जिथे चांगला कागद फेकवत नाही आणि वाईट भिंत बघवत नाही.

त्यावर दोन हजार दोनचा निळा वॉलपेपर. आणि त्यावर गेल्या शरदातला, सोनेरी फुलांचा, मेदेरनं तीन महिने सिमेंट वाहून पाठवलेल्या पैशांतून आणलेला. सुनेची खोली. गल्लीतल्या बायका नव्या नवरीचं तोंड बघायला आल्या तेव्हा तोंडाआधी ती भिंत बघून गेल्या होत्या. आठ दिवसांवर नोरूझ, पुन्हा सगळ्या येणार होत्या.

"ती भिंत सुनेची आहे," बुरुलकान म्हणाली. "तिला हात लावायचा नाही. मोजे विकता येतात मला."

खिडकीमागे बसणाऱ्यांनी हे वाक्य लिहून घ्यावं. या बाईला खिडकीपाशीच आठवलं होतं कागद कुठे आहेत ते. तरी अख्ख्या रस्त्यात तिनं तोंड उघडलं नाही, कारण सहा महिन्यांच्या सुनेची भिंत खरवडायची म्हणजे काय, ते तिला कळत होतं.

बेरमेत उठली. स्वयंपाकघरातून पीठ खरवडायची रुंद सुरी घेऊन आली आणि सरळ आपल्या खोलीत गेली. मागून दोघी धावल्या, एक गुडघे सांभाळत, एक चहा सांभाळत. त्या पोचेपर्यंत सोनेरी फुलांवर छतापासून जमिनीपर्यंत एक सरळ चीर पडली होती.

"आता ती भिंत कुणाचीच नाही," बेरमेत म्हणाली. "सांगा आपा, कुठून सुरुवात करायची?"

बुरुलकान दारात उभी राहिली. नाक ओढलं. मग कारकुनाच्या आवाजात म्हणाली, "दारापाशी, सगळ्यात वर. एप्रिल चौऱ्याण्णव. तिथून खाली आठ. मग पुढची रांग. खिडकीशी खाली जुलै नव्व्याण्णव."

"तुम्ही महिन्यांच्या क्रमानं लावलेत? वॉलपेपरखाली? जे कुणी कधी बघणार नाही ते?"

"मग कशाच्या क्रमानं लावू?"

कालिपा फस्सकन हसली. "माझ्या आठवणीत आहे ना! मी म्हणते, लाव गं कसंही. ही म्हणते, नको, मेच्या आधी जून येत नाही."

वरचा कागद सहज निघाला. निळा मात्र हट्टी, पिठाच्या खळीनं बावीस वर्षं धरून ठेवलेला. कोरडा ओढला की खालचं पान फाटायला बघे. पाणी लावावं तर भीती. कारण त्या काळी हजेरी मांडायची ती पेन्सिल ओली केल्यावर जांभळी उमटणारी. बुरुलकान दिवसभर तिचं टोक जिभेला लावायची. गिरणीत तिला 'जांभळी जीभ' म्हणत, तोंडावर म्हणत.

"पाण्यानं सगळं वाहून जाईल," कालिपा म्हणाली. "मी मेले. माझी सगळी वर्षं जांभळं पाणी होऊन जमिनीवर."

"जरा गप्प बसशील?" बुरुलकान म्हणाली. "पाणी नको. वाफ."

चहाची किटली आली, मोठ्या तोटीची, मागे बेरमेतनं आणलेली विजेची शेगडी. किटलीचं तोंड भिंतीकडे. वाफ निळ्या कागदावर पसरली, कागद फुगला, आणि बेरमेतनं सुरी आडवी धरून तो दुधावरच्या सायीसारखा उचलला. खाली करडं, पुसट पान. अक्षरं असली तर असतील. तिघी बघत राहिल्या. वाफ अजून चालूच होती.

आणि अक्षरं वर आली. आधी फिकट, मग गडद, मग चक्क जांभळी, जणू आत्ताच कुणी पेन्सिल जिभेला लावून लिहितंय. एप्रिल, एक हजार नऊशे चौऱ्याण्णव. पाळी दुसरी. बावीस नावं. त्यांच्यासमोर तीस चौकटी.

किटली शिट्टी मारत होती.

"मी कुठेय?" कालिपानं विचारलं, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला.

"अकरावी," बुरुलकान न बघता म्हणाली.

पुढचे चार दिवस त्या खोलीत स्वयंपाकघरापेक्षा जास्त वाफ होती. पानं निघत, पाठीला थोडं प्लास्टर घेऊन, वाळली की नानच्या कडेसारखी कडक. बेरमेत प्रत्येकाचा फोनवर फोटो काढायची, पाठीवर आकडा घालायची. बातमी पसरली तसं पाळीतल्या बायका एकेक करून येऊ लागल्या. बावीसमधल्या चौदा हयात होत्या, गावात नऊ. कुणी सायीचं कायमाक आणलं, कुणी नुसतीच आली आणि भिंतीवर बोट ठेवून आपलं नाव वाचलं. आणि मग भांडणं.

"हे काय शून्य टाकलंस तू मला? अठ्ठावीस ऑगस्टला? मी आले होते!"

"नव्हतीस, कालिपा. तुझ्या भावाचं लग्न होतं, करकोल बाजूला."

"मी दुपारी आले."

"तिसऱ्या दिवशी दुपारी. पिऊन."

"बघा बायांनो, मेलेली गिरणी आणि हिची हजेरी अजून चालू!"

सगळ्या हसल्या. बेरमेतही हसली. पण तिची नजर दुसरीकडे अडकली होती. मार्च अठ्ठ्याण्णवचं पान. पहिलं नाव बुरुलकानचं, आणि त्यासमोर ओळीनं अकरा शून्यं.

"आपा, ही?"

"मेदेरला गोवर आला होता."

"पण हजेरी तुमच्याच हातात होती. पेन्सिल तुमची. अकरा खुणा केल्या असत्यात तर कोण बघणार होतं?"

बुरुलकाननं तिच्याकडे असं पाहिलं की जणू सुनेनं भलत्याच भाषेत काही विचारलं. "मी तिथे नव्हते ना पोरी. नव्हते तर होते कसं लिहू?"

बेरमेतनं मान खाली घातली आणि ते पान दोन्ही हातांनी, भाकरी उचलतात तसं, फळीवर ठेवलं. त्या संध्याकाळी मेदेरचा फोन आला. भिंतीचं ऐकून तो आधी ओरडला. "तीन महिने सिमेंट वाहिलं मी त्या फुलांसाठी!" ती म्हणाली, "तुझ्या आईची पाच वर्षं चार महिने आपल्या फुलांच्या मागे गप्प उभे होते. ऐक आता, मी मोजून सांगते," आणि तिनं खरंच एप्रिलपासून वाचायला सुरुवात केली. सप्टेंबरपाशी तो म्हणाला, "पुरे."

नोरूझच्या आदल्या सोमवारी त्या नऊजणी आणि बेरमेत चार नंबरच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. पानं दोन प्लायवुडच्या मध्ये, चादरीत बांधलेली. खिडकीतल्या पोरानं गाठ सुटताना पाहिलं आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"आपा, हे काय, भिंत आणलीत?"

"भिंत घरी आहे. हजेरी आणलीय."

पोरानं एक पान उचललं, मागचं प्लास्टर टेबलावर सांडलं. वाचता वाचता तो वाकला. मग मागच्या खोलीत गेला आणि एका बाईला घेऊन आला. ही वरची. गळ्यात चष्मा, हातात नियमांची वही. तिनं पानं पाहिली, वही पाहिली, पुन्हा पानं पाहिली.

"ही कच्ची पत्रकं आहेत," ती म्हणाली. "नियमानुसार ती तीन वर्षांनी नष्ट करायला हवी होती. तुमच्याकडे कशी?"

बेरमेत पुढे सरकली. ती काही बोलणार तेवढ्यात सासूनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"नष्टच केली होती," बुरुलकान म्हणाली. "माझ्या घरात नष्ट करतात ती अशी. तुमच्याकडे जपून ठेवतात ती कशी, ते ऐकलंय मी."

मागे कालिपा इतक्या जोरात हसली की सुरक्षा रक्षक दारातून डोकावला. वरच्या बाईला हसू आलं नाही, पण तिचा चेहरा उतरला. तिनं चष्मा लावला आणि मार्च अठ्ठ्याण्णवच्या पानावर बोट ठेवलं.

"इथे तुमचे अकरा दिवस गैरहजेरी आहे."

"आहे."

"ही नोंद तुमचीच?"

"माझीच."

बाई बराच वेळ त्या अकरा शून्यांकडे बघत राहिली. मग खुर्चीवर बसली, पोराला म्हणाली, "मोज," आणि चौसष्ट पानं एकामागून एक मोजून घेतली, बावीस नावांसकट. "समितीपुढे ठेवू," ती म्हणाली. "निर्णय कळवू."

"पोच द्या."

पोच मिळाली. अर्ध्या पानाचा कागद, चौसष्ट आकडा, गोल शिक्का, न वाचता येणारी सही. बायका निघायला लागल्या. बुरुलकान निघाली नाही. तिनं तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पिशवीतून पेन्सिलीचा एक तुकडा काढला, तीच, बोटभर उरलेली, आणि कागद आणि पेन्सिल दोन्ही काचेखालच्या फटीतून आत सरकवली.

"अजून काय, आपा?" पोरानं विचारलं.

"मुदत लिहायची राहिली."

"कसली मुदत?"

"माझ्या घरात मुदत नसलेला कागद राहत नाही. हा किती वर्षं ठेवू, ते लिहा. मागे तीन म्हणालात, मी तीन ठेवली. आता पंचवीस मागितलीत. यावर तुमच्या हातानं आकडा लिहा म्हणजे मला कुठल्या खोक्यात टाकायचा ते कळेल, आणि ही माझी सून आहे, माझ्यानंतर तिला कळेल."

पोरानं वरच्या बाईकडे पाहिलं. बाईनं वहीकडे पाहिलं. वहीत ते नव्हतं. पेन्सिल टेबलावर तशीच पडून राहिली.

बुरुलकान खिडकीसमोरच्या बाकावर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून. बेरमेत तिच्या शेजारी बसली. मग कालिपा, मग बाकीच्या. घरी एक उघडी भिंत आहे, तिच्यावर बेरमेतनं काही लावायचं नाही असं ठरवलंय, नोरूझला येणाऱ्यांनी प्लास्टर बघावं. बोरसोकची कढई कधीही चढवता येईल. या बायकांना घाई नाही. चौसष्ट महिने त्यांनी रोज वेळेवर येऊन दाखवलंय.

तेव्हा उचला ती पेन्सिल. तुमची जीभ जांभळी झाली तरी चालेल. किती वर्षं ठेवायचा हा कागद? बोला.